मनालीहून एका दिवसात भृगू लेक: होईल, पण पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याहून पाच जण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मनालीला जाताय. दिल्लीहून रात्रीची व्होल्वो, रविवारी सकाळी मनाली, आणि सोमवारी रोहतांगच्या रस्त्यावरच्या गुलाबा या ठिकाणाहून चढून भृगू लेक बघून संध्याकाळी परत. मग दोन दिवस सोलंग, अटल बोगदा, सिस्सू आणि गुरुवारी संध्याकाळी परतीची बस. चौघं जण सह्याद्रीत नेहमी फिरणारे, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड आणि एका दिवसात राजगड-तोरणा केलेले. पाचवे काका, वय ५८, बीपीची गोळी चालू, दर रविवारी येऊरला चालायला जाणारे. "एका दिवसात होतो का, आणि सोबत काय काय न्यावं?" असं तुम्ही विचारलंय.

होतो. गुलाबाहून निघून त्याच दिवशी परत येणारे लोक दर मोसमात असतात आणि तुमच्या चौघांचे पाय त्याला पुरेसे आहेत. पण सामानाच्या यादीला मी शेवटी येतो, कारण तुमची खरी अडचण सॅकमध्ये नाही, वारांमध्ये आहे. रविवारी पोहोचून सोमवारी चढायचं, हा तुमच्या आराखड्यातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. तो सुधारला की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

आधी उंचीचं गणित बघू. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच टोक. मनालीचा बाजार साधारण २,०५० मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर उंचीवर तुम्ही बसमधून उतरणार आणि चहा पिणार. भृगू लेक तिथून आणखी दोन हजारांहून जास्त मीटर वर, नकाशागणिक आकडा थोडा बदलतो, पण ४,२०० ते ४,३०० च्या दरम्यान धरा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन तेवढ्याच हिशेबाने कमी होतो.

शरीर याच्याशी जुळवून घेतं, फक्त त्याला वेळ लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांत श्वास आपोआप खोल आणि जलद होतो. जास्त श्वासामुळे रक्ताचं जे रासायनिक संतुलन हलतं ते मूत्रपिंडं हळूहळू सावरतात, म्हणून पहिले दोन दिवस लघवीला जास्त जावं लागतं. हे चांगलं लक्षण आहे. या कामाचा तुमच्या दमसासाशी फारसा संबंध नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याचं शरीरही त्याच्या गतीनेच जुळवून घेतं. उलट माझा अनुभव असा की तरण्याबांड ट्रेकरला उंची जास्त लागते, कारण पाय साथ देतात म्हणून तो वेगाने वर जातो. एका तुकडीत पुण्याचा एक मुलगा होता, गटातला सगळ्यात तयार गडी. जोंकर थाचच्या कुरणातून तो अक्षरशः पळत गेला, कितीही हाका मारल्या तरी पुढेच. पुढच्या रोला खोली या टप्प्याला आम्ही पोहोचलो तेव्हा तो दगडाला टेकून बसला होता, ओठ फिकट, पाण्याचा घोटही पोटात ठरेना. त्याला तिथूनच खाली आणला. संध्याकाळी खाली कोठी गावात तो व्यवस्थित वरणभात जेवला, कारण उंची उतरली की बहुतेकदा त्रासही उतरतो. पण त्याचा तलाव राहिला, आणि त्याला सोडायला आलेल्या दोघांचाही.

आता तुम्ही म्हणाल, आपण तर त्याच दिवशी परत येतोय, वर मुक्काम नाही, मग भीती कसली? यात तथ्य आहे. विरळ हवेचा त्रास सहसा वर गेल्यानंतर सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणारे बरेच लोक नुसत्या डोकेदुखीवर निभावून जातात. कोणाला लागेल आणि कोणाला नाही, हे आधी छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. ते माणसागणिक बदलतं, आणि त्याच माणसाचं वर्षागणिकही बदलतं. पण लागली तर कुठे लागते ते पाहा. तलावाच्या काठावर किंवा उतरताना, जेव्हा गाडीचा रस्ता आठ-दहा किलोमीटर लांब आहे, मध्ये ना झोपडी ना टपरी, आणि दुपारचे ढग जमू लागलेत. मुक्कामाच्या ट्रेकमध्ये बाजूला तंबू असतो, स्वयंपाकी असतो, खेचरही असतं. तुमच्यासोबत फक्त तुमची सॅक असेल. म्हणून एका दिवसाची चढाई करणाऱ्याने मुक्काम करणाऱ्यापेक्षा जास्त तयारीने जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तर वार असे बदला. रविवार आणि सोमवार मनालीतच. हिडिंबेचं देऊळ, जुनी मनाली, वशिष्ठची गरम पाण्याची कुंडं, आणि सोमवारी सकाळी जोगणी धबधब्यापर्यंत आरामात चाल. मंगळवारी अटल बोगद्यातून सिस्सू. हा ९ किलोमीटरचा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि त्यामुळे लाहौल मनालीपासून अर्ध्या दिवसाच्या फेरीत आलं. बोगदा आणि सिस्सू दोन्ही साधारण ३,१०० मीटरवर आहेत. तिथे गाडीत बसून फोटो काढू नका. तीन-चार तास घालवा, नदीकाठी चाला, जेवा. त्या उंचीवर घालवलेला दिवस बुधवारी कामी येईल. परतताना पलचानला मॉल रोडकडे न जाता डावीकडे, रोहतांगच्या रस्त्याने कोठी गावाला जा आणि तिथे मुक्काम करा. कोठी अडीच हजार मीटरच्या आसपास आहे, घरगुती राहण्याच्या सोयी आहेत, आणि जूनमधली मनालीची वाहनकोंडी तुमच्या मागे राहते. बुधवारी चढाई. गुरुवारची बस शुक्रवारवर ढकलता आली तर जरूर ढकला, म्हणजे बुधवारी हवा बिघडली तर एक दिवस हाताशी राहील. बस गुरुवारीच असेल तर बुधवार हुकल्यावर गुरुवारी प्रयत्न करू नका. संध्याकाळच्या बसचं घड्याळ डोक्यात ठेवून कोणीही योग्य वेळी मागे फिरत नाही.

रोहतांगच्या रस्त्यावर गुलाबाला बॅरियर आहे. पुढे जाणाऱ्या गाडीला परवाना लागतो, आणि मंगळवारी रस्ता दुरुस्तीसाठी पर्यटकांच्या गाड्या बंद ठेवण्याची पद्धत आहे. बॅरियर सकाळी किती वाजता उघडतो आणि तुमची वाट त्याच्या अलीकडे सुटते की पलीकडे, हे स्थानिक ड्रायव्हर आणि वाटाड्या दोघांना आदल्या दिवशी विचारून पक्कं करा. पहाटे पाचला बॅरियरपाशी अडकलात तर पुढचं सगळं गणित तासाभराने सरकतं.

आता ते गणित. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला, तो आजही चालतो: सपाटीच्या दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. गुलाबाच्या वळणांवरून तलाव एका बाजूने साधारण दहा किलोमीटर, चढ अकराशे ते बाराशे मीटर. म्हणजे दोन तास चालीचे, दोन चढाचे, एकूण चार. पण हा हिशेब कमी उंचीवरच्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. विरळ हवा, बर्फाचे पट्टे, पाणी पिणं, बुटाची नाडी, फोटो हे सगळं धरून मी त्यात निम्मा वेळ आणखी घालतो. सहा तास. उतरायला चार.

आता दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून पाहा. पहाटे साडेपाचला पाऊल टाकलंत तर साडेअकराला तलाव, बाराला परत फिरणं, चार वाजता रस्ता. मॉल रोडवर नाश्ता करून साडेआठला चालायला लागलात तर तलाव अडीचला आणि रस्ता सात वाजता. जूनमध्ये तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कागदावर हेही बसतं. पण दुपारी एकनंतर व्यास नदीच्या खोऱ्यातून ढग वर सरकतात. गारा, धुकं, विजा जे काही यायचं ते बहुतेक दुपारीच येतं, आणि अशा वेळी तुम्ही सगळ्यात उघड्या, सगळ्यात उंच जागी असाल. सूर्योदय सव्वापाचच्या आसपास होतो, म्हणजे साडेपाचला टॉर्चही लागणार नाही. त्या तीन तासांची झोप माझ्या लेखी कशाच्याही बदल्यात देण्यासारखी आहे.

वाटेचं स्वरूप असं. रस्ता सोडल्यावर पहिला टप्पा झाडीतून आणि गवतातून जोंकर थाचपर्यंत. थाच म्हणजे मेंढपाळांचं उंचावरचं कुरण. इथे ओढा आहे, पाणी भरून घ्या. पुढे झाडं संपतात आणि लांबच लांब गवताळ उतार सुरू होतो, एक टेकाड चढलं की दुसरं. मागे वळलात की खोऱ्यापलीकडे हनुमान टिब्बा आणि पीर पंजालची रांग दिसते. इथे वाट सोपी वाटते आणि इथेच लोक वेग वाढवतात. नियम एकच: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं की वेग जास्त आहे. साधारण ३,८०० मीटरवर रोला खोली येते, ही तुमची निर्णयाची जागा. नऊपर्यंत इथे पोहोचलात तर उत्तम. साडेनऊपर्यंतही शेवटचा माणूस आला नसेल तर तलाव त्या दिवसापुरता सोडा, तासभर बसा, खा, आणि उतरा. ही वेळ चढायला लागण्याआधी पाचही जणांनी मान्य केलेली हवी. तलाव अर्ध्या तासावर आहे असं कोणी म्हणत असताना वर उभं राहून ठरवलेली वेळ कधी पाळली जात नाही, हे मी गटांमागून गटांत पाहत आलोय.

रोला खोलीच्या पुढचा टप्पा छोटा पण खरा. चढ तीव्र होतो, दगडांचे ढीग येतात, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ असणारच. किती, ते त्या वर्षीच्या हिवाळ्यावर आणि मे महिन्यातल्या हवेवर अवलंबून. काही वर्षं तुरळक पट्टे असतात, काही वर्षं सलग उतार पांढरा असतो आणि तलावाचाही मोठा भाग झाकलेला असतो. तलाव एका खोलगट वाटीत आहे, शेवटच्या कड्यावर पोहोचेपर्यंत दिसत नाही. धुक्यात त्याच्या शंभर पावलांवरून लोक चुकीच्या धारेने पुढे गेलेले आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या वेळी स्थानिक नोंदणीकृत वाटाड्या घ्याच. तुमच्या मोबाइलमध्ये वाटेचा ट्रॅक ऑफलाइन उतरवलेला असू दे, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि बर्फाने वाट बदलते. ट्रॅक गेल्या सप्टेंबरमधला असेल तर तो तुम्हाला नेमका अशा उतारावरून नेईल जिथे आज कडक बर्फ आहे.

बर्फावर चालणं सह्याद्रीत शिकता येत नाही, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. आडवा उतार पार करताना बुटाचा तळ सपाट टेकवू नका. डोंगराकडची कड बर्फात मारा, एक-दोन ठोके देऊन खोबण करा, तिच्यात वजन टाकून बघा, मगच दुसरा पाय उचला. काठी डोंगराकडच्या हातात, थोडी आखूड धरून. पुढच्याने केलेल्या खोबणीतच पाय ठेवा, नवीन वाट काढू नका. सकाळी बर्फ कडक असतो, घसरलात तर थांबवणारं काही नसतं. दुपारी तो मऊ होतो आणि मांडीपर्यंत पाय आत जातो, विशेषतः दगडांच्या कडेला, जिथे खाली पोकळी असते. म्हणून दगडापासून हातभर लांबूनच चाला. बुटांवर चढवायचे साखळीचे स्पाइक्स मनालीत भाड्याने मिळतात. ते घेऊन ठेवा, न लागले तर सॅकमध्ये राहतील. आणि एखादा उतार असा दिसला की जो सरळ खाली दगडांत संपतो, तर वाटाड्या "चला" म्हणाला तरी तुम्हाला "नको" म्हणायचा हक्क आहे.

तब्येतीकडे लक्ष कसं ठेवायचं? डोकेदुखी हे पहिलं लक्षण. नुसती डोकेदुखी असेल तर थांबा, पाणी प्या, थोडं खा, अर्धा तास वाट पाहा. ती वाढली, किंवा जोडीला मळमळ, चक्कर, विचित्र थकवा आला तर चढ तिथेच बंद. मी एक साधी परीक्षा घेतो. जमिनीवर काठीने सरळ रेष ओढायची आणि त्या माणसाला टाचेला चवडा लावत दहा पावलं चालायला सांगायचं. जो डुलतो, रेषेबाहेर पाय टाकतो, त्याला लगेच खाली न्यायचं, सोबत दोन जण देऊन. तो "मी बरा आहे" म्हणेल, त्याचं ऐकायचं नाही, कारण तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं. तसंच स्वस्थ बसूनही धाप लागत असेल किंवा खोकला सुरू झाला असेल तर फुप्फुसांचा प्रश्न असू शकतो. दोन्हींवर पहिला उपाय उतरणं, मग बाकीचं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अनेक जण आणतात. त्याच्यावर भिस्त ठेवू नका. गार पडलेल्या बोटांवर ते चुकीचे आकडे दाखवतं आणि गटात उगाच घबराट किंवा उगाच धीर पसरतो.

डायमॉक्स या विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी तुम्हाला सांगेलच. त्रास टाळण्यासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. ज्यांना सल्फा औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. वर सुचवलेले वार पाळलेत तर चौघांना ती घेण्याची गरज मला वाटत नाही. सोमवारीच चढायचा हट्ट असेल तर डॉक्टरांशी बोला, पण गोळी घेतली म्हणून दोन दिवसांचं काम एका रात्रीत होत नाही.

काकांबद्दल जरा सविस्तर. ५८ हे वय अडचणीचं अजिबात नाही, आणि दर रविवारी येऊर चालणारा माणूस पायांनी कमी पडणार नाही. प्रश्न गोळीचा आहे, आणि ती कोणती यावर सगळं अवलंबून आहे. काही बीपीच्या गोळ्या हृदयाचे ठोके ठरावीक मर्यादेपुढे वाढू देत नाहीत. येऊरला ते जाणवत नाही, चार हजार मीटरवर चढताना जाणवतं, कारण तिथे शरीराला ठोके वाढवण्याचीच गरज असते. काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. त्यांच्यासोबत डायमॉक्स आणि चढाचा घाम आला की अंगातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही उतरतं. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन "आम्ही ४,२०० मीटरवर एका दिवसात जाऊन येणार आहोत, कोठीत २,५०० वर झोपणार आहोत" असं आकड्यांत सांगा. नुसतं "मनालीला चाललोय" म्हटलं तर ते खुशाल जा म्हणतील. गोळी स्वतःहून बंद किंवा कमी करायची नाही.

आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तरी माझी सूचना अशी की काकांचा दिवस जोंकर थाचपर्यंतचा ठेवा. साधारण ३,१०० मीटर, मोठं हिरवं कुरण, ओढ्याचा आवाज, गद्दी मेंढपाळांचे कळप, आणि समोर बर्फाचे डोंगर. डबा खाऊन, तासभर पडून, एक-दोन वाजेपर्यंत ते रस्त्याला लागतील. त्यांच्यासोबत चौघांपैकी एक जण हवा, त्यांना एकटं सोडून पुढे जायचं नाही. कोण थांबणार हे ठाण्यातच ठरवा. मेंढपाळांच्या कुत्र्यांपासून मात्र लांब राहा. कळपात शिरून फोटो काढायला गेलात तर ती अंगावर येतात, आणि ते त्यांचं कामच आहे.

सामान आता पटकन सांगतो, कारण सह्याद्रीतल्या माणसाला अर्धी यादी पाठ असते. फरक जिथे पडतो तेवढंच. हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे मनालीत २५ असताना तलावाशी ११, आणि वारा-गारा आल्या की अंग शून्याजवळचं वाटतं. जीन्स आणि सुती टी-शर्ट ठाण्यातच ठेवा, भिजले की वाळत नाहीत. आपला पावसाळी पोंचो धारेवरच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो, त्याऐवजी रेन जॅकेट आणि पँट. आत एक लोकरी किंवा फ्लीसचा थर, एक पातळ डाउन जॅकेट, कान झाकणारी टोपी, दोन जोड हातमोजे. गडांवर आपण वापरतो ते हजार-बाराशेचे बूट कातळावर झकास धरतात, पण बर्फात दहा मिनिटांत भिजतात. घोटा झाकणारे, पाणी न शिरणारे बूट हवेत आणि ते निदान महिनाभर वापरून मुरलेले हवेत. काळा चष्मा प्रत्येकाकडे, हे सक्तीचं. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, दिवसभर उघड्या डोळ्यांनी चाललात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. टॉर्च प्रत्येकाकडे, दिवसाउजेडी परतायचं असलं तरी.

पाणी माणशी तीन लिटरची सोय. वरच्या ओढ्यांवर मेंढ्या असतात, म्हणून गोळी किंवा फिल्टर वापरा. उंचीवर भूक मरते, त्यामुळे जे घरी आवडीने खाता तेच न्या: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, खजूर, दाण्याचे लाडू. चिक्की थंडीत दगड होते, खिशात अंगाजवळ ठेवा. दर तासाला दोन घास, भूक असो वा नसो. थर्मासमध्ये गोड चहा. आदल्या रात्री दारू नको आणि झोपेची गोळीही नको, दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो आणि सकाळची डोकेदुखी नक्की होते.

तयारीला तुमच्याकडे अजून वेळ आहे. सिंहगडाला जाता येत असेल तर आतकरवाडीकडून एका सकाळी दोनदा चढा-उतरा, पाठीवर सहा-सात किलो घेऊन. ठाण्यातल्या ठाण्यात इमारतीचे जिने चालतील, फक्त उतरणंही लिफ्टने नको, पायांनीच, कारण भृगूला गुडघे उतरताना बोलतात. दोन आठवडे आधी एकदा सलग दहा तासांची चाल करून बघा. त्यात बूट, सॅक, खाणं, सगळ्याची परीक्षा होते.

एवढ्यावर क्रम असा झाला: आधी वार बदलणं, मग काकांच्या गोळीचा डॉक्टरी सल्ला, मग वाटाड्या आणि कोठीचा मुक्काम, साडेपाचचं पाऊल, साडेनऊची रोला खोली, बाराला परत. सामान त्यानंतर.

तलावावर पोहोचलात तर एक कळकळीची विनंती. भृगू ऋषींनी इथे तप केलं आणि हा तलाव कधी पूर्ण गोठत नाही, अशी खोऱ्यातल्या लोकांची श्रद्धा आहे. आसपासच्या गावांना तो तीर्थासारखा आहे. पाण्यात उतरू नका, बुटांनी काठाला जाऊ नका, साबण-शाम्पू तर नाहीच. वाटाड्या नमस्कार करतो तिथे थांबा. खाण्याचा सगळा कचरा, फळांच्या सालीसकट, परत आणा, कारण त्या थंडीत साल कुजायला फार काळ लागतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर फोटो सोडा आणि धारेवरून खाली या. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे.

कोणीतरी तुम्हाला परतताना थेट वशिष्ठला उतरायचं सुचवेल, म्हणजे गुलाबाला गाडी बोलवावी लागणार नाही. ती वाट आहे, सुंदरही आहे, पण तलावापासून वशिष्ठपर्यंत उतार दोन हजार मीटरचा आहे, सहा तास चढलेल्या गुडघ्यांवर. मधला भाग गवताळ आणि ओला असला तर पाय ठरत नाही, आणि वाटेत काही झालं तर गाडीपर्यंत यायला गुलाबापेक्षा जास्त वेळ लागतो. एका दिवसाच्या फेरीत मी ती कोणाला सुचवत नाही. आल्या वाटेनेच उतरा, काका आणि त्यांचा सोबती रस्त्यावर वाट बघत असतीलच.

बुधवारी हवा बिघडली किंवा रोला खोलीच्या वर बर्फ फार आहे असं कोठीत कळलं, तर धुंदी या ठिकाणाहून व्यास कुंडाकडे जा. तो तलाव साधारण ३,७०० मीटरवर आहे, भृगूपेक्षा पाचशे मीटर खाली, आणि वाटेतल्या बकर थाचपर्यंत गेलात तरी दिवस सार्थकी लागतो. दगडांच्या राशी आणि ओढे ओलांडावे लागतात, त्यामुळे वाटाड्या तिथेही हवाच. निघण्यापूर्वी कोठीतल्या घरमालकाकडे कागदावर लिहून ठेवा: किती जण, कुठली वाट, वाटाड्याचा फोन, आणि "संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा". वर बऱ्याच ठिकाणी नेटवर्क मिळत नाही, तेव्हा हा कागद त्या दिवशी सगळ्यात उपयोगाची वस्तू ठरू शकतो. आणि गोळीचं नाव कळलं की डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा, त्यावरून काकांनी जोंकर थाचपर्यंत जावं की त्याच्याही अलीकडे थांबावं, हे नीट ठरवता येईल.